गाडी किती दिवस पडून राहणार?

प्रश्न असा आहे: "आम्ही इलेक्ट्रिक किक-स्कूटर, ई-सायकली आणि थोड्याफार एकचाकी युनिसायकली विकतो. चालवून बघणाऱ्याला गाडी आवडते, पण 'बिघडली तर कोण बघणार?' म्हणत तो काढता पाय घेतो. विकलेल्या गाड्या दुरुस्तीला आल्या की अडकून पडतात आणि लोक चिडतात. दुरुस्तीची सेवा सुधारायची आणि मालाला उठावही आणायचा, तर सुरुवात कुठून करावी?"

सुरुवात वहीपासून करा. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एक जाड वही असते. प्रत्येक गाडीपुढे तीन रकाने: आली कधी, गेली कधी, आणि प्रत्यक्ष काम किती वेळ चाललं. तिसरा रकाना मी फार उशिरा सुरू केला आणि तो भरायला लागल्यावर माझी मलाच लाज वाटली. एका स्कूटरपुढे लिहिलं होतं: मुक्काम १९ दिवस, काम ४० मिनिटं. बाकी सगळा वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. आधी बघायला कुणी मोकळं नव्हतं. बघितलं तर भाग नव्हता. भाग आला तो दुसऱ्याच आवृत्तीचा निघाला. आणि योग्य भाग आला तोवर खर्चाला मालकाचा होकार घ्यायचा राहूनच गेला होता.

यंत्र आहे, कधी ना कधी बिघडणार, हे गिऱ्हाइकाला कळतं. त्याला खुपतं ते हे भिंतीला टेकून उभं राहणं, कारण तेवढे दिवस त्याचं कामावर जाणं-येणं अडलेलं असतं. तुमचे दोन्ही प्रश्न मला इथेच एकत्र येताना दिसतात. मुक्कामाचे दिवस कमी करा, आणि जास्तीत जास्त किती दिवस लागतील ते गाडी विकतानाच लेखी द्या. पुढे जे सांगतोय ते सगळं हे दोन जमण्यासाठी.

दिवस खाणारी पहिली गोष्ट म्हणजे निदान. गाडी ठेवून घेतली, चिठ्ठी चिकटवली, "बघून कळवतो" म्हटलं, की ती रांगेत गेली. म्हणून मालक समोर उभा असतानाच दहा मिनिटं द्यायची, हा माझा नियम. पहिली पाच मिनिटं हत्याराला हात लावायचा नाही, नुसतं विचारायचं. पावसात नेली होती का, पाइप लावून धुतली का, चार्जर तोच आहे की दुसरा, बंद पडली तेव्हा चढावर होती की थांबलेली, पडली होती का कुठे. "पडली नाही हो" म्हणणाऱ्याच्या हँडलची एक मूठ खरचटलेली असते, ते नजरेनं टिपायचं आणि गप्प बसायचं.

मग मल्टिमीटर. आधी चार्जर, कारण तो तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही. ३६ व्होल्टची म्हणून विकलेली गाडी एकापुढे एक जोडलेल्या दहा सेल-गटांची असते आणि पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते, त्यामुळे तिच्या चार्जरच्या टोकावरही साधारण तेवढेच यायला हवेत. ४८ व्होल्टच्या तेरा गटांच्या पॅकला, म्हणजे बॅटरीला, ५४.६. चार्जर मेलेला असताना "बॅटरी गेली" असं सांगून लोकांना घाबरवल्याची उदाहरणं मी भरपूर पाहिली आहेत.

एक प्रसंग सांगतो. एक बाई स्कूटर घेऊन आल्या, हातात दुसऱ्या एका केंद्राचा खर्चाचा कागद: कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा बोर्ड) आणि मोटर, दोन्ही बदला. गाडी चालू होत होती, दिवा लागत होता, डिस्प्लेवर बॅटरी भरलेली, पण थ्रॉटल (वेगाचा खटका) दाबलं तरी चाक ढिम्म. मी मागचं चाक अधांतरी उचलून स्टँडवर चढवलं आणि डाव्या ब्रेकच्या लिव्हरमधून येणारी दोन तारांची जोडणी सोडवली. थ्रॉटल दाबलं, चाक सुसाट. ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडणारा छोटा स्विच लिव्हरमध्ये असतो. लिव्हर वाकल्यामुळे तो कायम दाबलेलाच राहिला होता, आणि कंट्रोलर बिचारा समजत होता की बाईंनी ब्रेक धरलाय. लिव्हर बदलला, काम संपलं. त्या केंद्रातला कारागीर लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्याकडे तपासण्याचा क्रम नव्हता, म्हणून त्यानं सगळ्यात महाग भागांपासून सुरुवात केली.

हा क्रम कागदावर उतरवा आणि टेबलासमोर भिंतीवर लावा. चार्जर, मग पॅकचा व्होल्टेज, मग ब्रेकचे स्विच, मग थ्रॉटल. थ्रॉटल हॉल प्रकारचं, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरचं, असेल तर सोडलेल्या स्थितीत सिग्नलच्या तारेवर ०.८ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर साडेतीनच्या वर मिळायला हवेत, आणि मधे आकडा सलग चढायला हवा, उड्या मारत नाही. त्यानंतर मोटर. चाक हातानं फिरवताना अडखळत, जड फिरतंय? मोटरच्या तीन जाड फेज तारा कंट्रोलरपासून सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झालेला आहे. तरीही जडच असेल तर दोष मोटरच्या आत किंवा केबलमध्ये, आणि केबल असेल तर नव्वद टक्के वेळा ती धुऱ्यातून बाहेर येते तिथेच कापलेली सापडते, कारण गाडी आडवी पडली की सगळा भार त्याच कोपऱ्यावर येतो. चाक फिरतं पण सुरू होताना थरथरतं, हिसके देतं, तर मोटरमधले हॉल सेन्सर (चाक कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणारे) बघायचे: पाच व्होल्टचा पुरवठा येतोय ना, आणि चाक हळूहळू फिरवलं की तिन्ही सिग्नल तारा आळीपाळीनं शून्य आणि पाचच्या जवळ जातायत ना. एक तार गप्प बसली की चोर सापडला. सेन्सर स्वस्त असतो, पण मोटर उघडून जुना सोल्डर काढून नवा बसवायला हात बसलेला माणूस लागतो. असा एक तरी माणूस तयार करा. नाहीतर एका चिमुकल्या सेन्सरपायी तुम्ही अख्ख्या मोटरी बदलत बसाल.

एवढं केलं की दहातल्या सात-आठ गाड्यांच्या मालकाला तो दुकानातून निघायच्या आत सांगता येतं: हे बिघडलंय, एवढे पैसे, अमुक दिवशी या. होकारही तिथेच मिळतो.

आता पंक्चर. यात शहाणपणा सांगण्यासारखं फार नाही, पण छोट्या चाकाच्या स्कूटरवर सगळ्यात जास्त येणारं आणि कारागिराला सगळ्यात नकोसं वाटणारं काम हेच. साडेआठ इंची टायर रिमवर चढवताना पान्यानं नवी ट्यूबच चिमटली जाते आणि तासाभरात गाडी परत दारात. टायर आधी ऊबदार करून घ्या, कडेला साबणाचं पाणी लावा, ट्यूबमध्ये आकार येण्याइतकी हवा भरून मगच चढवा. मूळ कारण मात्र बहुतेक वेळा खिळा नसतो, कमी हवा असते. इतक्या छोट्या ट्यूबमध्ये हवा मुळातच थोडी, त्यामुळे दाब लवकर उतरतो, आणि खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिरडते. विकतानाच गाडीबरोबर पंप द्या आणि हवा भरून दाखवा, गिऱ्हाइकाकडूनही एकदा भरून घ्या. वाकडा नळीचा तुकडाही द्या, कारण ब्रेकच्या डिस्कमुळे पंपाचं तोंड व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही आणि मग कुणी हवा भरतच नाही. लोक भरीव टायर मागतात. मी समजावून परतवतो. पंक्चर थांबतं खरं, पण प्रत्येक धक्का थेट घडीच्या सांध्यात, स्क्रूंमध्ये आणि आतल्या सोल्डरच्या जोडांमध्ये जातो.

सांध्यावरून आठवलं. २०१९ मध्ये शाओमीनं एम३६५ स्कूटरचे दहा हजारांहून जास्त नग परत मागवले होते, कारण घडी घालण्याच्या यंत्रणेतला एक स्क्रू सैल होऊन हँडलचा दांडा निखळण्याचा धोका होता. एका स्क्रूचा प्रश्न! तेव्हापासून नव्या गाडीला महिन्याभरानं मोफत बोलावून घेतो आणि सगळे स्क्रू, घडीचा खटका, ब्रेकचे पॅड, धुऱ्याचे नट बघून देतो. पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात गिऱ्हाइकाला दुकानातली माणसं ओळखीची होतात, हा फायदा वेगळाच.

बॅटरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण भीतीही तिथेच आहे आणि पैसाही.

"पूर्वी जेवढी जायची त्याच्या निम्मीच जाते" ही तक्रार आली की लगेच पॅक मेला असं समजू नका. शक्य असेल तिथे प्रत्येक गटाचा व्होल्टेज मोजा. नऊ गट ४.१५ वर आणि एक ३.८० वर, असं चित्र खूपदा दिसतं. चार्ज करताना भरलेले गट ४.२ ला पोहोचले की बीएमएस (पॅकवर नजर ठेवणारा बोर्ड) चार्जिंग तोडतो, आणि चालवताना अशक्त गट तळाला गेला की गाडी बंद करतो. म्हणजे सगळा पॅक त्या एका गटाच्या चालीनं चालतो. बीएमएस हा फरक मिटवतो, पण त्याचा समतोल साधणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या जेमतेम दोन आकड्यांत असतो, आणि तेही बहुतेक पॅकमध्ये चार्ज पूर्ण होत आल्यावर. हिरवा दिवा लागला रे लागला की प्लग उपटणाऱ्याच्या पॅकला ती संधीच मिळत नाही. मूळ चार्जर, कुणाची तरी नजर, आणि हिरव्यानंतर आणखी काही तास, एवढ्यावर सुधारलेले पॅक मी पाहिले आहेत. तरीही तोच गट पुन्हा पुन्हा मागे पडत असेल तर त्यातला सेल खचलेला आहे. तिथे समतोलानं काही होत नाही.

पण एक रेघ आखून घ्या. महिनोन्महिने पडून राहिलेल्या पॅकमधला गट दोन व्होल्टच्याही खाली गेला असेल तर त्याला "झटका देऊन जागं" करायचं नाही. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. फुगलेल्या, पाणी शिरलेल्या, आपटलेल्या पॅकलाही हाच नियम. २०१६ मध्ये अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळे पाच लाखांवर होव्हरबोर्ड (उभं राहून चालवायच्या दोन चाकांच्या फळ्या) परत मागवावे लागले. त्याच सुमारास अशा वाहनांच्या विद्युत यंत्रणेसाठी यूएल या अमेरिकी संस्थेचं यूएल २२७२ हे सुरक्षा मानक आलं. ई-सायकलींसाठी यूएल २८४९ आहे आणि बॅटरीसाठी यूएल २२७१. न्यूयॉर्क शहरानं २०२३ पासून ही मानकं न पाळणाऱ्या गाड्या आणि बॅटऱ्या विकायला बंदी घातली, आणि वापरलेल्या सेलांतून नवे पॅक जुळवून विकायलाही. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, जुन्या सेलांचे पॅक बांधणं दुकानात सुरू करू नका. स्पॉट वेल्डर (सेलांना पट्ट्या चिकटवणारं यंत्र) आहे म्हणून पॅक बांधता येतो असं नाही. संशयित पॅक ठेवायला वेगळी, जळणार नाही अशी, इतर गाड्यांपासून लांबची जागा करा. रात्री दुकानात काहीही चार्जिंगला ठेवू नका.

बॅटरीची दुसरी अडचण दिसत नाही, पण दिवस तीच खाते: ती सहज पाठवता येत नाही. लिथियम बॅटरी हा धोकादायक माल समजला जातो. सुटी बॅटरी संयुक्त राष्ट्रांच्या यूएन ३४८० या क्रमांकाखाली जाते, तिला यूएन ३८.३ ही सुरक्षा चाचणी लागते, विमानातून पाठवताना ती तीस टक्क्यांच्या वर चार्ज असून चालत नाही, आणि खराब झालेली तर विमानात चढवताच येत नाही. म्हणून पुरवठादार निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: बदली पॅकचा साठा जमिनीवरून गाठता येईल अशा ठिकाणी आहे का? "कारखान्यातून मागवू" असं उत्तर आलं तर वॉरंटीची दोन वर्षं कागदावरच राहतात.

यातूनच पुढचा मुद्दा. दुरुस्ती सोपी होणार की नाही हे तुम्ही माल भरता त्याच दिवशी ठरतं. नवं मॉडेल घ्यायच्या आधी एक नग कारागिराच्या हातात द्या आणि त्याला तो पूर्ण उघडू द्या. मागचा टायर काढायला मोटरची केबल सोडावी लागते का, की रिम दोन भागांत उघडतं? कंट्रोलर राळेत बुडवलाय का? पॅक स्क्रूवर आहे की गोंदावर? नवा कंट्रोलर बसवल्यावर डिस्प्ले त्याला ओळखतो, की कंपनीच्या सॉफ्टवेअरची परवानगी लागते? ती परवानगी तुम्हाला मिळणार का? शेवटच्या प्रश्नाला पुरवठादार घुटमळला तर ते मॉडेल सोडा, कितीही देखणं असलं तरी. उघडलेला नग फेकू नका. तोच पुढे अडीअडचणीला भाग पुरवतो.

मॉडेलंही कमी करा. सात मॉडेलांचे डिस्प्ले, लिव्हर, कंट्रोलर ठेवणं कुणाला परवडत नाही. तीन मॉडेलं ठेवलीत तर प्रत्येकाचा हरेक झिजणारा भाग आणि एकेक कंट्रोलर कपाटात राहू शकतो. विक्रीवाले म्हणतील निवडायला वाव हवा. असू दे म्हणावं.

दिसायला सुंदर आणि दुरुस्तीला बंदिस्त गाडीचं काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफचं. त्यांच्या ई-सायकलींची लोकांना भुरळ होती. भाग मात्र बरेचसे स्वतःच्याच घडणीचे, बाजारात न मिळणारे, आणि कुलूप ॲपला जोडलेलं. जुलै २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सर्व्हर बंद पडला तर आपलीच सायकल उघडणार का, असा प्रश्न मालकांना पडला. काऊबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं मग घाईघाईनं बाइकी नावाचं ॲप काढलं, ज्यात त्या मालकांना आपली डिजिटल किल्ली जपून ठेवता येत होती. पुढे व्हॅनमूफला नवा मालक मिळाला, पण असं वाचलेलं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात आलं की त्याच्या मनात तोच प्रश्न असतो. "बिघडली तर कोण बघणार?" यात "तुम्ही बुडालात तर?" हेही येतं. बोलून दाखवत नाही, एवढंच.

कायदेही त्याच दिशेनं निघाले आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून स्कूटर, ई-सायकल यांसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या, आणि त्यांच्यातले सेलसुद्धा, स्वतंत्र व्यावसायिकाला काढून बदलता येतील अशाच असाव्या लागतील. अमेरिकेतल्या कोलोरॅडोनं २०२२ मध्ये विजेच्या व्हीलचेअरसाठी कायदा केला: भाग, हत्यारं, माहिती आणि सॉफ्टवेअर उत्पादकानं मालकाला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला द्यायचं. व्हीलचेअरवाल्याचा मुक्काम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. माझ्याकडे अशी गाडी आली की ती रांगेत लागत नाही, आधी घेतो.

आता उठावाचं. दुरुस्तीचं टेबल मागच्या खोलीतून काढून गिऱ्हाइकाला दिसेल असं मांडा, भागांचं कपाटही. कामाचे दर भिंतीवर लावा. लेखी हमीत आकडा घाला: निदान त्याच दिवशी, दुरुस्ती अमुक दिवसांत, त्याहून लांबली तर तोवर वापरायला दुकानाची गाडी. आकडा वहीतून काढा, मनातून नको. वही सांगत असेल नऊ दिवस लागतात, तर दहा लिहा आणि वही सुधारली की आकडाही खाली आणा.

रेंजबद्दल खरं बोला. २८० वॅट-अवरच्या पॅकवर ३० किलोमीटरचा दावा असेल तर हिशेब किलोमीटरमागे नऊ-सव्वानऊ वॅट-अवरचा झाला. हलका माणूस, सपाट रस्ता, बेताचा वेग असेल तरच ते जमतं. मी १३ ते १५ धरतो आणि विसाच्या आसपास सांगतो. विक्रीवाल्यांचा चेहरा पडतो. पण वीस सांगून बावीस गेलेला माणूस मित्राला घेऊन येतो, आणि तीस ऐकून बावीस गेलेला माझ्या टेबलावर "बॅटरी खराब आहे" म्हणून उभा राहतो.

जुन्या गाड्या परत घ्यायची तयारी ठेवा. दर सर्व्हिसला पॅकचा व्होल्टेज, गटांमधला फरक, बदललेले भाग एका कार्डावर लिहून मालकाला द्या. ते कार्ड असलेली जुनी गाडी पटकन विकली जाते, आणि नवी घेणाऱ्याला दिसतं की हिची किंमत उद्या शून्य होत नाही.

युनिसायकलींचं मात्र मी वेगळं ठेवेन. स्कूटरचा कंट्रोलर गेला तर गाडी थांबते. युनिसायकलचा गेला तर माणूस तोंडावर पडतो, कारण तोल मोटरच सांभाळत असते. तिथे एखादा मॉस्फेट बदलून बोर्ड परत लावत नाही, अख्खा बोर्ड नवा घालतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी चालवून बघितल्याशिवाय ती दुकानाबाहेर जात नाही. हे करायला माणसं नसतील तर सध्या त्या विकूच नका. बाकी गाड्यांसाठी मी एकटाच फेरी मारतो. चढ असेल असा रस्ता घेतो, परत आल्यावर झाकण उघडून बॅटरीच्या जाड जोडणीला बोट लावतो. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर जोडणी सैल किंवा काळवंडलेली आहे, आणि आज संध्याकाळी न्यायला येणाऱ्या मालकाला मी आत्ताच फोन करून उद्या यायला सांगतो.